बदलत्या हवेचा जमाखर्च



वसंतात व्याख्यानांचे सत्र भरविण्याची आपली प्रथा आता दीडशे वर्षांची झाली. पुण्यास १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने तिचा आरंभ झाला. रानडे नुसते न्यायाधीश नव्हते. अर्थशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले की, इंग्रजी ग्रंथांतले अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना आणि सर्व काळांना सरसकट लागू पडत नाहीत. ज्या समाजाला ते लावावयाचे, त्याची स्थिती आधी पाहिली पाहिजे. आज मला दिलेला विषय ‘हवामान-बदलाचे अर्थशास्त्र’ हा आहे. या विषयावर जगात ग्रंथांचा डोंगर रचला गेला आहे. रानड्यांचा उपदेश शिरोधार्य मानून मी या डोंगराकडे एका खेड्याच्या शिवारातून पाहणार आहे. ते खेडे म्हणजे परभणी तालुक्यातील पेडगाव.

पेडगावचे नाव काढल्याबरोबर आपल्याला ती म्हण आठवली असेल. वेड पांघरून पेडगावला जाणारा माणूस आपण रोज पाहतो. त्याला सारे समजत असते, फक्त समजल्याचे कबूल करावयाचे नसते. म्हणीतले पेडगाव हे भीमेच्या काठचे, श्रीगोंदे तालुक्यातले, असे मानतात. मी म्हणतो ते गोदावरीच्या खोऱ्यातले, परभणीहून मानवत रोडकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरचे. भोवती काळी जमीन; खरिपाला कापूस, सोयाबीन, तूर; रब्बीला ज्वारी आणि हरभरा. तेव्हा म्हणीचा या गावाशी संबंध नाही. परंतु विषयाशी मात्र फार जवळचा आहे. बदलत्या हवेचा खर्च कोणाच्या खाती मांडावयाचा हा प्रश्न निघाला की जगातले मोठमोठे शहाणे वेड पांघरू लागतात. ते पांघरूण थोडे बाजूला करून पाहावे, एवढाच आजचा हेतू.

प्रथम शास्त्राचा भाग थोडक्यात सांगतो. कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने हवेत कर्बवायू साठतो व पृथ्वीची उष्णता कोंडली जाते, हे काही कालपरवाचे ज्ञान नव्हे. स्वीडनच्या अर्‍हेनियस या रसायनशास्त्रज्ञाने त्याचा हिशेब १८९६ मध्येच मांडला होता. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटावर १९५८ पासून नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ४२० च्या वर गेले आहेत. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. याचा शेतकऱ्याच्या भाषेत अर्थ असा की, तापलेली हवा जमिनीतली ओल अधिक ओढून घेते, आणि सोडू लागली की एकदम ओतते. पावसाची वार्षिक बेरीज कदाचित पूर्वीइतकीच राहील. पण शेती वर्षाच्या बेरजेवर होत नाही, पेरणीपासून काढणीपर्यंतच्या एकेका आठवड्यावर होते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. मराठवाड्यातला प्रत्येक दुष्काळ या बदलाच्या माथी मारणे हा खरेपणा नव्हे. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. दुर्गादेवीचा दुष्काळ चौदाव्या शतकाच्या अखेरचा. तेव्हा कोठे धुराडी होती? १९७२ चा दुष्काळही आपल्या मोठमोठ्या शहरांत आजच्याइतक्या मोटारी नसताना पडला. निसर्गाचा लहरीपणा जुना आहे. नवे आहे ते एवढेच की, लहर आता वारंवार येते आणि तिचे टोक अधिक तीव्र असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी पाऊस रुसला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांत उभी पिके पाण्याखाली गेली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात गोदावरीच्या खोऱ्याने पुन्हा महापूर पाहिला. दहा-बारा वर्षांत एकाच शेतकऱ्याने तहानेने आणि पुराने, दोन्ही प्रकारांनी पीक गमावले.

आता हिशेबाकडे वळू. शेतकऱ्याचा खर्च आधी होतो आणि उत्पन्न मागून येते. मृगाच्या तोंडावर बी-बियाणे, खत, नांगरट, पाळी यांत पैसा मातीत जातो. पाऊस पंधरा दिवस ओढला तर दुबार पेरणी. म्हणजे तोच खर्च दुसऱ्यांदा. पुढे फवारणी, निंदणी, खुरपणी. आणि शेंगा भरून काढणीला आलेल्या सोयाबीनवर दोन दिवस पाणी उभे राहिले की शेंगेतच कोंब फुटतात. उरलासुरला माल बाजारात नेला तर ओलाव्याच्या नावाखाली भाव पाडतात. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने सोयाबीनचा आधारभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरविला होता. बाजारात पुष्कळ ठिकाणी त्याखालीच सौदे झाले. म्हणजे हवा बिघडली की नुसते पीक जात नाही. गुंतवलेले भांडवल जाते, आणि ते भांडवल बहुधा दुसऱ्याचे असते.

या नुकसानीला कारण झालेला धूर मात्र पेडगावात निघालेला नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा या विषयाचा गाभा आहे. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० मध्ये आपल्या ग्रंथात मँचेस्टरच्या धुराचे उदाहरण घेतले. गिरणीमालक कापसाचे पैसे देतो, कोळशाचे देतो, मजुरी देतो. पण त्याच्या धुराड्यातून निघालेल्या काजळीने शेजारणीची धुतलेली वस्त्रे काळवंडली, त्यांच्या पुन्हा धुण्याचा खर्च कोण देतो? शेजारीण देते. त्यामुळे कापड खऱ्या किमतीपेक्षा स्वस्त विकले जाते आणि धूर मर्यादेबाहेर वाढतो. पिगूंचा उपाय साधा होता: धुरावर कर बसवा, म्हणजे मालकाच्या वहीत तो खर्च दिसू लागेल. शंभर वर्षांनंतर गिरणी साऱ्या जगाएवढी झाली आहे आणि ती शेजारीण पेडगावला राहते. बाकी हिशेब तोच आहे.

एवढे स्पष्ट असताना जगाने कर का बसविला नाही? येथे विद्वानांचा एक मोठा वाद येतो. ब्रिटिश सरकारच्या सांगण्यावरून निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये एक अहवाल दिला. हवेचा बिघाड तसाच चालू दिला तर जगाचे दरवर्षी निदान पाच टक्के उत्पन्न कायमचे बुडेल, वाईट धरून चालल्यास वीस टक्क्यांपर्यंत. आणि आताच आवर घालण्याचा खर्च मात्र एक टक्क्याच्या आसपास, असा त्यांचा निष्कर्ष. अमेरिकेचे विल्यम नॉर्डहाउस, ज्यांना याच विषयातल्या कार्याबद्दल २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते म्हणाले की स्टर्नसाहेबांनी भविष्याला फार मोठे वजन दिले. वाद होता तो व्याजाच्या दराचा. शंभर वर्षांनी होणारे एक लाख रुपयांचे नुकसान आज किती मोलाचे समजावयाचे? शेकडा १.४ दराने मागे मोजत आले तर ते आज सुमारे पंचवीस हजारांचे ठरते. शेकडा पाच दराने मोजले तर जेमतेम साडेसातशे रुपयांचे! दर बदलताच नातवाचे शेत पंचवीस हजारांवरून साडेसातशेवर येते. ही निवड गणिताची आहे असे भासविले जाते; वस्तुतः ती नीतीची आहे. नातवाचा जीव आपल्या जिवाइतका मोलाचा धरावयाचा की नाही, एवढाच तिचा अर्थ.

हा वाद आपल्याला परका वाटू नये. आपल्याकडे याचे रोकडे रूप सावकाराच्या वहीत दिसते. महिना शेकडा तीन हा दर खेड्यात ऐकू येतो. या दराने चक्रवाढ धरली तर शंभराचे पाच वर्षांत सुमारे ५९० होतात. उलट बाजूने पाहा: पाच वर्षांनी हाती येणारे शंभर रुपये आज त्या कर्जदाराला सतरा रुपयांचे वाटतात. अशा माणसाला आपण सांगतो की बांधावर झाडे लाव, शेततळे खण, जमिनीचा कस राख, दहा वर्षांनी फळ मिळेल. तो मान डोलावतो आणि करीत काही नाही. यावरून त्याला अडाणी ठरविणारे लोक पुष्कळ आहेत. तो अडाणी नव्हे. त्याच्या दराने हिशेब केला तर तो बरोबरच वागतो. स्वस्त कर्जाची सोय ही हवामान-बदलाच्या अर्थशास्त्रातली पहिली गरज आहे, हे ग्रंथांत फारसे सापडणार नाही. पण पेडगावातून ते पहिल्यांदा दिसते.

मग विमा आहे ना, असे कोणी म्हणेल. पीकविम्याची आज जी चौकट आहे तिचा पाया एका मराठी अर्थशास्त्रज्ञाने घातला, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये असा विचार मांडला की, एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजत बसणे खर्चाचे आणि भांडणाचे. त्याऐवजी एका सारख्या प्रदेशाची सरासरी काढावी आणि ती घसरली तर तेथल्या सर्वांना भरपाई द्यावी. विचार शहाणपणाचा होता. शेतकऱ्याला मुद्दाम पीक बुडवून लाभ होत नाही, आणि कारकुनी वाचते. आज हा प्रदेश म्हणजे बहुधा महसूल मंडळ. पेडगाव हे असेच एका मंडळाचे गाव. पण पाऊस मंडळाच्या सीमा पाळीत नाही. मापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ओलांडले की त्या मंडळात अतिवृष्टी झाली अशी सरकारदप्तरी नोंद होते. मापक एका ठिकाणी असतो आणि ढग दुसऱ्या ठिकाणी फुटतो. ओढ्याकाठचे रान वाहून गेले आणि माळावरचे तगले, तर सरासरी सावरते आणि ज्याचे गेले त्याला काही मिळत नाही. पाऊस शांत, सर्वदूर पडत असताना ही अडचण लहान होती. तुकड्यातुकड्यांत कोसळू लागला तशी ती मोठी झाली.

आणखी एक खोल अडचण आहे. दहा वर्षांतून एकदा तीस हजारांचे नुकसान होणार असेल, तर वर्षाला तीन हजार बाजूला टाकले की भागते. तेच चार वर्षांतून एकदा होऊ लागले, तर वर्षाला साडेसात हजार लागतात. हप्ता अडीचपट झाला! विमा जोखीम वाटून देतो. तो वाढलेली जोखीम नाहीशी करीत नाही. म्हणूनच २०१६ च्या पंतप्रधान पीकविमा योजनेत खरिपाच्या अन्नधान्याला व गळिताच्या पिकांना शेतकऱ्याचा हिस्सा दोन टक्के व कापसाला पाच टक्क्यांपर्यंत ठेवून उरलेला भार केंद्राने व राज्याने उचलला. महाराष्ट्राने तर २०२३ मध्ये एका रुपयात विमा दिला आणि २०२५ च्या खरिपात ती सोय बंद केली. सरकारचा हात आखडला याचे कारण उघड आहे: भार वाढतच जाणार, आणि तो कोणी व कोणत्या नात्याने सोसावयाचा हे कोणी ठरविलेले नाही.

श्रोतेहो, ‘कोणत्या नात्याने’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पूर आला की ‘मदत’ जाहीर होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने ३१,६२८ कोटींचे साहाय्य जाहीर केले. रक्कम लहान नाही. पण मदत ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ती निवडणुकीच्या आधी मोठी आणि नंतर लहान होऊ शकते. देणे हे तसे नसते. देणे हिशेबाने ठरते, त्याला मुदत असते, आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. पेडगावच्या शेतकऱ्याला जे मिळावयाचे ते मदत आहे की देणे, हा माझ्या मते या साऱ्या विषयाचा कळीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेले आहे, आणि ते जगाला सांगण्यासारखे आहे. वि. स. पागे हे आपल्या विधान परिषदेचे सभापती. १९६५ मध्ये त्यांनी तासगाव तालुक्यात विसापूर गावी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. ती खडी फोडणारी, पाझर तलावाची माती वाहणारी माणसे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली आहेत. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क झाला. २००५ मध्ये देशाने हेच तत्त्व आपल्या कायद्यात घेतले.

पण या योजनेचा जो भाग आपण विसरतो तो पैशाचा. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसायकर बसविला. मुंबईतला कारकून, डॉक्टर, वकील, दुकानदार यांच्या पगारातून वा मिळकतीतून थोडी रक्कम कापून ती हमीच्या निधीत जाऊ लागली आणि राज्य तिच्यात तितकीच भर घालू लागले. ज्याचे उत्पन्न पावसावर अवलंबून नाही, त्याने ज्याचे अवलंबून आहे त्याचा भार थोडा उचलावा, हे तत्त्व एका कराच्या रूपाने कायद्यात उतरले. योजनेत खोट्या हजेऱ्या झाल्या, पहिल्याच पावसात वाहून गेलेले बांध झाले. हे सारे खरे आहे आणि त्यावर टीका झालीच पाहिजे. तरीही ती टीका अंमलबजावणीवर आहे, तत्त्वावर नाही.

आता हेच तत्त्व जगाला लावून पाहा. आजवर हवेत सोडलेल्या कर्बवायूपैकी एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश. भारताचा तीन-चार टक्के. १९९२ च्या करारात राष्ट्रांनी मान्य केले की जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला शंभर अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते त्यांच्याच हिशेबाने २०२२ मध्ये पुरे झाले, आणि त्यातला मोठा भाग कर्जाच्या रूपाने होता. २०२४ मध्ये बाकूला आकडा तीनशे अब्जांवर नेला, मुदत २०३५ ची. आपल्याकडची गोष्ट घ्या. बदलत्या हवेशी जुळवून घेण्यासाठी महाराष्ट्रात २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून पंधरा जिल्हे, पाच हजारांवर गावे. परभणी त्यात आहे. कामे उपयोगाची आहेत: शेततळी, ठिबक, रुंद वरंबा-सरीवरची पेरणी. पण त्यातला मोठा पैसा जागतिक बँकेचे कर्ज आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या धुराने वस्त्र काळवंडले, आणि साबण घेण्यासाठी आपण त्याच्याच ओळखीच्या पेढीतून व्याजाने पैसे काढले! यात देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण, याचा उलगडा कोणीतरी करावा.

जगाकडे बोट दाखविताना आपलीही वही उघडली पाहिजे, नाहीतर आपणही वेड पांघरले असे होईल. आज दरवर्षीच्या उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे. दरडोई तो अमेरिकेच्या सातव्या हिश्शाच्या आसपास असला, तरी त्या सरासरीत वातानुकूलित घरातला माणूस आणि पेडगावचा सालगडी एकत्र मोजले जातात. आपण २०१० मध्ये कोळशावर टनाला पन्नास रुपये उपकर बसविला. २०१६ पर्यंत तो चारशे झाला. पिगूंना समाधान वाटावे असेच हे पाऊल होते. पण २०१७ मध्ये तो वस्तू व सेवा कराच्या भरपाईत विलीन झाला आणि स्वच्छ ऊर्जेचा त्याच्यावरचा हक्क गेला. कोळशाच्या धुराचा कर आला खरा. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या घरापर्यंत पोहोचला नाही. आणि धूर सोडणाऱ्यालाही हवा सोडीत नाही, याचे उदाहरण शेजारीच आहे. जुलै २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते.

यावरून काय करावयाचे? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली, मोजणी गावापर्यंत नेली पाहिजे. मंडळाला एक मापक पुरत नाही. गावोगावी तो हवा आणि त्याची नोंद चावडीवर रोज लागली पाहिजे. ज्याचे माप नाही त्याचा हिशेब नाही, आणि हिशेब नाही तेथे मर्जी चालते. दुसरी, धुरावरचा कर पुन्हा उभारून त्याचा ठराविक भाग कोरडवाहू मुलखासाठी कायद्याने बांधून ठेवला पाहिजे, जसा व्यवसायकर हमीसाठी बांधला होता. तिसरी, जुळवून घेण्याचा खर्च कर्जाने भागविण्याची चाल थांबली पाहिजे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचे नवे वाण दिले, कमी पाण्याच्या शेतीची पद्धत दिली. हे ज्ञान बांधापर्यंत जाण्यास लागणारे भांडवल शेतकऱ्याने तीन टक्के महिन्याने काढावे, ही अपेक्षा गैर आहे.

कोणी म्हणेल, एवढा पैसा कोठून आणावयाचा? १९७५ मध्येही हाच प्रश्न विचारला गेला असणार. तेव्हाचा महाराष्ट्र आजच्यापेक्षा पुष्कळ गरीब होता, आणि दुष्काळातून नुकताच उठला होता. तरी त्याने आपल्यातल्या पगारदारांच्या खिशातून थोडे काढून घेतले आणि ते धर्मादाय म्हणून नव्हे, तर कायद्याचे देणे म्हणून दिले. पेडगावच्या शिवारात येत्या मृगाला पुन्हा तिफण चालेल. पेरणारा आपला खर्च आधीच मातीत टाकील. उरलेल्या जगाने आपला हिस्सा कधी टाकावयाचा, तेवढे ठरावयाचे बाकी आहे.